उभा सागवान

पोळ्याची कर

मारबत गावाबाहेर गेली, पोरं आपापले लाकडी बैल घेऊन दारोदार फिरून आली. दुपारी जरा उसंत मिळाली तेव्हा मामाजींजवळ, म्हणजे सासऱ्यांजवळ, विषय काढला. यंदा धानाची मळणी झाली की आलापल्लीला जायचं, मोठी झाडं पाहायला.

"जंगलातच तं राह्यतो आपण," मामाजी म्हणाले. "अजून कोनतं जंगल पाह्याचं, बाई?"

प्रश्न खरा आहे. ब्रह्मपुरी तालुक्यातलं आमचं गाव. शिवार संपलं की जंगलच सुरू होतं. पण हे जंगल बल्ल्यांचं, म्हणजे बारीक खांबांचं आहे. कूप पडतो, म्हणजे जंगलाचा एकेक पट्टा कटाईला निघतो, वाढलेलं झाड निघतं, खुंटाला फुटवे येतात, ते जरा जाड झाले की पुन्हा त्यांची पाळी. सागाचं खोड दोन्ही हातांच्या कवेत सहज मावतं आणि त्यापुढे ते वाढलेलं आम्ही पाहतच नाही. शिवाय इथं आता झाडाकडे मान वर करून पाहायची सोय राहिली नाही. मोहफुलं वेचायला पहाटे जायचं तर चार बायांची सोबत लागते. नजर जमिनीवर आणि झुडपात, कान वाघाच्या चाहुलीकडे.

मोठं सागवान मी पाहिलं आहे, पण सगळं आडवं. डेपोत थप्पी लावलेलं, आरागिरणीवर पडलेलं, आमच्याच जुन्या घराच्या मयालीत, म्हणजे आडव्या तुळयांत. २०२३ च्या मार्चात बल्लारपूरहून अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान रवाना झालं तेव्हा शोभायात्रा निघाली होती. त्या लाकडाची पूजा मी टीव्हीवर पाहिली, घरबसल्या हात जोडले. दिवसभर मनात एकच होतं. हे झाड उभं असताना केवढं होतं? त्याच्या सावलीत काय उगवत होतं? आमच्या भागाचं नाव ज्या झाडामुळे देशभर जातं, ते पुरतं वाढलेलं, मुळावर उभं असलेलं मी एकदाही पाहिलेलं नाही. मला ते पाहायचंच आहे.

मामाजी तरुणपणी कूपकटाईला जायचे, पार आलापल्लीकडच्या जंगलापर्यंत. त्यांना विचारलं, तुम्ही कापलेलं सर्वांत मोठं झाड केवढं होतं? थोडा वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, "आरा पुरे नाही. इकडून कापत न्या, मंग तिकडून." एवढंच बोलले आणि सुपारी कातरत बसले.

घटस्थापना

आज घट बसले. रात्री पोराच्या मोबाईलवर वाचत बसले होते, ते लिहून ठेवते.

आलापल्ली अहेरी तालुक्यात आहे. तिथून भामरागडच्या रस्त्यावर जुन्या जंगलाचा एक तुकडा राखून ठेवला आहे. 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' असं त्याचं नाव आणि आपल्याकडे त्याला वनवैभव म्हणतात. २०१४ मध्ये शासनाने त्याला जैविक वारसा स्थळ जाहीर केलं. राज्यातलं ते पहिलंच. २००२ च्या जैवविविधता कायद्यात अशी तरतूद आहे. क्षेत्र सहा हेक्टर, म्हणजे जवळपास पंधरा एकर. हा आकडा वाचला आणि वाईट वाटलं. केवढा मोठा गडचिरोली जिल्हा, केवढं त्याचं जंगल, आणि जुनं जपून ठेवलेलं म्हणून दाखवायला पंधरा एकर. आमच्या गावातल्या दोन-तीन बऱ्या शेतकऱ्यांचे सातबारे एकत्र केले तर तेवढी जमीन भरेल. पण ते पंधरा एकर कोणीतरी राखले म्हणून तरी आहेत. ज्यांनी कुणी त्या झाडांवर कटाईच्या खुणेचा हातोडा पडू दिला नाही, त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे.

सागाची गोष्ट निघाली की केरळातल्या परंबिकुलमच्या कन्निमारा सागाचं नाव येतंच. त्याचा घेर सात मीटरच्या आसपास आहे, वय साडेचारशे वर्षांच्या वर सांगतात. कुऱ्हाड घातली तेव्हा खोडातून रक्त आलं, म्हणून तोडणारे थांबले आणि तिथले आदिवासी त्याला पुजू लागले, अशी कथा आहे. मला ही कथा फार जवळची वाटली. आमच्याकडेही देवराईतल्या झाडाची फांदी कुणी चुलीत घालत नाही. केरळातच निलंबूरला इंग्रजांच्या काळात, १८४० च्या दशकात लावलेला सागबाग अजून उभा आहे. तोही कधी पाहायला मिळावा. केरळ काही लगेच होणार नाही, पण आलापल्ली तर आपल्याच अंगणात आहे.

मग वाचता वाचता अमेरिकेपर्यंत पोचले. कॅलिफोर्नियात रेडवुड नावाची झाडं आहेत. त्यातलं हायपेरियन हे आजवर मोजलेलं जगातलं सर्वांत उंच झाड. उंची ११५ मीटरच्या वर. ते २००६ मध्ये सापडलं. जागा गुप्त ठेवली होती, पण ती फुटली आणि लोक रस्ता नसलेल्या जंगलातून तुडवत तिथवर जाऊ लागले. कुणी कुऱ्हाड नेली नव्हती. सगळे प्रेमानेच जात होते. तरी बुडाजवळची माती इतकी दबली की तिथे नेचे उगवेनासे झाले. शेवटी २०२२ मध्ये उद्यानाने तो भाग बंद केला. आता तिथे गेलं तर पाच हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

हे मी दोनदा वाचलं. झाडाची अन्नपाणी ओढणारी बारीक मुळं वरच्या मातीतच पसरलेली असतात. माती दबली की तिच्यातली हवा जाते, पाणी मुरत नाही, मुळं गुदमरतात. बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, बैल सारखे एकाच वाटेने गेले तर तिथे धान कसा खुरटतो, ते आम्ही दरवर्षी पाहतो. मग शेकडो वर्षांच्या झाडाच्या बुडाशी उभं राहून, खोडाला मिठी मारून फोटो काढायचा मला काय हक्क आहे?

तेव्हा ठरवलं. जायचं, पण पायवाट सोडायची नाही. खोडाला हात लावायचा नाही. मोठी गाडी करून वीस जण न्यायचे नाहीत, घरचेच जायचं. जेवण आलापल्लीत, आत काही न्यायचं नाही.

मामाजींना हे काही पटलं नाही. त्यांना गोलाई, म्हणजे खोडाचा घेर, घ्यायची आहे. झाडाची गोलाई छातीइतक्या उंचीवर घेतात, जमिनीपासून १.३७ मीटरवर, हे त्यांना अजून तोंडपाठ आहे. कूप मार्किंगच्या वेळी साहेबांच्या मागे टेप धरून ते हिंडलेले आहेत. "मोजलं नाही तं पाह्यलं कायचं?" म्हणतात. त्यांचं मन मोडवत नाही. उद्या पोराशी बोलते, काही मार्ग निघतो का ते.

दोन दिवसांनी

पोराने मार्ग काढला. त्याला नववीला समरूप त्रिकोण आहेत. हात सरळ लांब करायचा, डोळ्यापासून मुठीपर्यंत जेवढं अंतर भरतं तेवढीच काडी मुठीच्या वर उभी धरायची आणि झाडापासून मागे मागे जायचं. काडीचं खालचं टोक बुंध्याशी आणि वरचं टोक शेंड्याशी जुळलं की थांबायचं. तिथून झाडापर्यंत जेवढं अंतर तेवढीच झाडाची उंची. जमीन मात्र सपाट हवी. शाळेजवळच्या चिंचेवर दोघा आजा-नातवांनी करून पाहिलं. मामाजींनी अंतर पावलांनी मोजलं, मग टेपने, मग पुन्हा पावलांनी. आता म्हणतात, गोलाई राहू दे, उंची घेऊ. वाटेवर उभं राहूनच घेता येते.

कोजागिरी

दुधाला अजून वेळ आहे, तोवर तारखांचं लिहिते.

पावसाळ्यात सागाला पांढरट तुरे येतात, तेव्हा जावं असं एक मन होतं. पण तिकडचे नाले भरले की रस्ता बंद. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे दरवर्षी पेपरात वाचतो. उन्हाळ्यात साग उघडाबोडका असतो, वणव्याची भीती असते आणि घरोघरी मोहफुलं नि तेंदूपत्त्याची धावपळ. कार्तिकात कापणी. तेव्हा मार्गशीर्ष बरा. हलका, म्हणजे लवकर येणारा, धान घरात आलेला असेल, पोराला नाताळची सुट्टी मिळेल. पानं गळू लागलेली असतील, पण त्यामुळे खोडं वरपर्यंत दिसतील.

ब्रह्मपुरीहून गडचिरोली, मग चामोर्शी, आष्टी, आलापल्ली. एसटीनेच जाऊ. त्या रस्त्यावर जड वाहनांची फार गर्दी आहे आणि यांना एवढं अंतर गाडी चालवायची सवय नाही. आलापल्लीत मुक्काम. सकाळी भामरागडची गाडी पकडून वनवैभव.

पोराचा हट्ट आहे की दुसऱ्या दिवशी सिरोंच्याकडे वडधमला जायचं. तिथे जीवाश्म उद्यान आहे. त्याला डायनासोरच्या हाडांचं वेड, पण मला तिथली दगड झालेली झाडं पाहायची आहेत. त्या भागातले डायनासोर ज्युरासिक काळातले. म्हणजे आपल्या प्राणहितेच्या काठी माणूस यायच्या कितीतरी आधी मोठं जंगल उभं होतं आणि त्याची खोडं अजून तिथे आहेत. पंधरा एकराचं मनाला लागलं होतं, ते हे वाचून थोडं हलकं झालं आणि थोडं जडही झालं.

मामाजी संध्याकाळी आपणहून म्हणाले, "तिथं नुसता साग नसन. ऐन असन, बिजा असन. पोराले दाखवतो." त्यांना साल पाहून झाड ओळखता येतं. मला साग, मोह आणि पळस सोडला तर सालीवरून काहीच कळत नाही. त्यांच्याकडून शिकायला हा एक प्रवास पुरणार नाही.

आता उरलेली कामं. आलापल्लीच्या वनविभागाच्या कार्यालयात फोन करून आत जायला परवानगी लागते का ते विचारायचं. आलापल्लीत ओळखीच्या बाईंकडे मुक्कामाचं पाहायचं. मामाजींच्या बीपीच्या गोळ्या जास्तीच्या घ्यायच्या, आणि यांना सांगायचं की मळणीयंत्राचा नंबर आत्ताच लावून ठेवा, नाहीतर सगळा बेत पौषात जाईल.