बुद्रुक-खुर्द थायलंडमध्ये पण असतं!

परवा आईला फोनवर सांगितलं की वीकेंडला डोंगरावर जाऊन आले, तर ती म्हणते, "अगं थायलंडला कुठले डोंगर, तिथे समुद्र ना?" तिची चूक नाही म्हणा, इकडे यायच्या आधी माझ्याही डोक्यात फुकेत आणि पटायाच होतं. पण मी राहते चियांग राईला, पार उत्तरेला, म्यानमारच्या बॉर्डरजवळ, आणि इथून आधी बस मग सोंगथॅव (आपली वडाप समजा, पिकअपला मागे दोन बाकं) असं करत मॅ सलोंगच्या डोंगरावर जाता येतं. उंची साधारण १,२०० मीटर, आणि घाट असा की आपला आंबेनळी बरा वाटावा.

इथे तालुक्याला अम्फो म्हणतात आणि त्याखाली पाचदहा-पंधरा गावांचा मिळून एक तम्बोन. गावागावाचा मुखिया, त्यांच्यातून तम्बोनचा एक प्रमुख, त्याला कमनान म्हणतात, शिवाय १९९४ च्या कायद्यापासून निवडून आलेली ग्रामपंचायतीसारखी बॉडी वेगळी. मॅ सलोंगचे तम्बोन दोन, नोक आणि नाय, म्हणजे बाहेरचं आणि आतलं. मला लगेच आपलं बुद्रुक-खुर्द आठवलं, एकटीच हसत बसले.

गंमत अशी की मॅ सलोंग नोकच्या मुख्य गावात उतरलं की थायलंड वाटतच नाही. दारांवर लाल चिनी कागद, नाश्त्याला चीनच्या युनान प्रांतातल्या नूडल्स, आणि थोडं पुढे चक्क मशीद, कारण युनानमधून आलेल्यांत मुसलमानही होते. १९४९ मध्ये चीनमध्ये कम्युनिस्ट जिंकले तेव्हा हरलेल्या बाजूचं थोडं सैन्य युनानमधून बर्मात पळालं, तिथूनही १९६१ च्या सुमारास हाकललं गेल्यावर त्यातली जनरल तुआन शी-वेनची माणसं या डोंगरावर येऊन राहिली. थाई सरकारने काय केलं, तर राहा म्हणाले पण आमच्या कम्युनिस्टांशी लढा, आणि ते लढलेही, मग हळूहळू नागरिकत्व मिळालं. तोवर पैसा अफूचा होता. नंतर तैवानहून ऊलाँग चहाची रोपं आली आणि गावाला नवीन नाव मिळालं सांतिखिरी, शांतीचा डोंगर. लोक अजून मॅ सलोंगच म्हणतात, सरकारी नावांचं सगळीकडे तेच. जनरल १९८० मध्ये गेले, समाधी वरच आहे.

पण डोंगर काही फक्त चिन्यांचा नाही. आजूबाजूच्या उतारांवर आखा नावाच्या डोंगरी जमातीच्या वस्त्या आहेत, लाहू आणि लिसू जमातींच्याही. पहाटे छोटा बाजार भरतो, आखा आज्या चांदीची नाणी लावलेली टोपी घालून पालेभाज्या, आलं विकतात आणि आठपर्यंत सगळं गुंडाळून चालू पडतात. त्यांच्या गावाच्या वेशीवर लाकडी दार असतं, त्याला बाहेरच्याने हात लावायचा नाही, मला सोबतच्या बाईने वेळेवर मागे ओढलं म्हणून बरं. पावसाळा सरता सरता उंच झोपाळा बांधून सण करतात, ऐकून मला नागपंचमीच आठवली.

चहा मात्र बिनदुधाचा, आणि एवढ्याश्या कपात! पाच कप झाले तरी चहा प्यायल्यासारखं वाटेना.

उतरताना चेकपोस्टवर गाडी थांबली. सगळ्यांनी कार्डं काढली, माझा पासपोर्ट, आणि शेजारच्या शाळकरी आखा मुलीचं गुलाबी कार्ड. थाई नागरिकत्व नसलेल्यांना ते मिळतं. हिचा जन्म याच तम्बोनमधला, आजीचाही इथलाच म्हणाली, अर्ज केलाय म्हणे, कधीचा ते तिलाही सांगता येईना. पोलिसाने बघून परत दिलं, तिनेही रोजचं असल्यासारखं दप्तरात टाकलं. घरी आखा, दिवसा थाई शाळा, संध्याकाळी चिनी शाळा असं तिचं चालतं. गाडी सुटल्यावर तिने मांडीवर वही घेतली आणि त्या वळणावळणाच्या रस्त्यात चिनी अक्षरं गिरवायला लागली, एक रेघ वाकडी नाही, आणि मी आपली शेजारी आलेपाकाची वडी चघळत, डोळे गच्च मिटून.