शंभर फूट पाण्याखालचे ठोके

बॉस्टनहून प्रॉव्हिन्सटाउनला जाणारी फेरीबोट दीड तासात पोहोचवते आणि जाऊन-येऊन माणशी शंभर डॉलरहून अधिक घेते. तिकिटे जावईबापूंनी काढली होती, त्यामुळे रुपयांत हिशेब करायचा नाही, असे सौ.ने मला आदल्या रात्रीच बजावले होते. तरीही भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या लाँचमध्ये उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाच्या डोक्यातला गुणाकार काही थांबत नाही.

घरच्या मंडळींना देवमासे पाहायचे होते. मला तेथील एका चर्चच्या आवारातला, एस-४ पाणबुडीत गेलेल्या माणसांच्या स्मरणार्थ उभारलेला लाकडी क्रूस पाहायचा होता. "बाबा, लोक इथे सुट्टीला येतात आणि तुम्ही स्मारकं शोधत येता," असे लेक म्हणाली, आणि त्यात खोटे काहीच नव्हते. मी माझगावच्या बाजूला एका गोदीत बत्तीस वर्षे जहाजदुरुस्ती केली. जाडी मोजणारी यंत्रे सर्रास येण्यापूर्वी जहाजाचा पत्रा कोठे गंजला आहे, हे आम्ही हातोडीने ठोकून ओळखत असू. धड पत्रा टणकन वाजतो, खाल्लेला पत्रा बदबद वाजतो. त्यामुळे एस-४ या अमेरिकन पाणबुडीची हकिकत मी प्रथम वाचली, तेव्हा ती माझ्या डोळ्यांपुढे न येता आधी कानांत आली.

गावाविषयी थोडक्यात सांगतो. इंग्लंडहून वसाहत करायला मेफ्लॉवर जहाजातून आलेली मंडळी १६२० साली आधी येथे उतरली, म्हणून टेकडीवर २५२ फूट उंचीचा दगडी मनोरा उभारला आहे. खाली कमर्शिअल स्ट्रीट नावाचा एक चिंचोळा रस्ता आहे आणि त्यावर गणपतीत लालबागला असते तशी गर्दी असते. शेवंडाचे मांस भरलेल्या एका पावासाठी मोजलेल्या पैशांत आमच्याकडे चौघांचे जेवण होईल. गर्दीचा मला त्रास झाला, हे मान्य करतो. पण लोक आनंदी होते आणि एकमेकांना वाट देत होते, हेही लिहिले पाहिजे.

सेंट मेरी ऑफ द हार्बर हे चर्च याच रस्त्यावर, पण पाण्याला पाठ लावून उभे आहे. क्रूस साधा आहे. मी तेथे पाऊणएक तास बसलो आणि तेवढ्या वेळात दुसरे कोणीही तो पाहायला आले नाही. आइस्क्रीम खाणारे एक जोडपे बाकाच्या शोधात आले आणि मला पाहून परत फिरले.

१७ डिसेंबर १९२७, शनिवारची दुपार. गावाच्या टोकाला असलेल्या वुड एंडच्या दीपगृहासमोर एस-४ पाण्याखालून वेगाच्या चाचण्या घेत होती. त्याच वेळी पॉल्डिंग ही तटरक्षक दलाची विनाशिका चोरट्या दारूच्या शोधात गस्त घालत होती. दारूबंदी म्हटली की आपल्याला मोरारजीभाई आठवतात, पण अमेरिकेने त्या काळी दारूच्या तस्करांमागे नौदलाकडून उसन्या घेतलेल्या युद्धनौका लावल्या होत्या. पाणबुडी नेमकी पॉल्डिंगच्या वाटेत वर आली. टक्कर झाली आणि ४० माणसांसह एस-४ सुमारे १०० फूट खाली तळाला गेली. शंभर फूट म्हणजे फार तर दहा मजल्यांची इमारत. पाणबुडी स्वतः २३१ फूट लांब होती. ती उभी धरता आली असती, तर निम्म्याहून अधिक पाण्याबाहेर राहिली असती. हा हिशेब मी त्या बाकावर बसून केला आणि त्यानंतर मला तेथे स्वस्थ बसवेना.

वुड एंडच्या तटरक्षक ठाण्यातला इमॅन्युएल ग्रेसी हा अधिकारी एका लहान होडीतून निघाला आणि कडाक्याच्या थंडीत गळ ओढत तळ चाचपू लागला. गळ पाणबुडीत अडकला. रात्रभर त्याने तो दोर धरून ठेवला आणि पहाटेच्या सुमारास दोर तुटला. दुसऱ्या दिवशी त्याला ती जागा पुन्हा शोधून काढावी लागली. मग न्यू लंडनहून आलेल्या फाल्कन जहाजावरून टॉम ईडी हा पाणबुड्या खाली उतरला. तो पत्रा ठोकत चालला. मागच्या भागातून काहीच उत्तर आले नाही. पुढच्या टॉर्पेडो कक्षावर त्याने ठोकले, तेव्हा आतून सहा ठोके आले. तेथे सहा माणसे जिवंत होती.

यापुढचा भाग मला आजही संतापाशिवाय सांगता येत नाही. त्या कक्षात चटकन हवा सोडता येईल अशी बाहेरून नळी जोडण्याची सोय पाणबुडीवर नव्हती. आतल्या माणसांना बाहेर काढण्याचे कोणतेही साधन नौदलाजवळ नव्हते. तेव्हा अख्खी पाणबुडीच वर आणण्याच्या आशेने हवा प्रथम तिच्या पाण्याच्या टाक्यांत भरण्यात आली, आणि ती फुटलेल्या भागांतून बुडबुड्यांच्या रूपाने निघून गेली. रात्री कक्षापर्यंत नळी पोहोचवण्यासाठी मायकेल्स नावाचा दुसरा पाणबुड्या उतरला, तो मोडतोडीत अडकला. त्याला सोडवण्यासाठी थकलेला ईडी पुन्हा खाली गेला आणि लोखंड कापायच्या करवतीने त्याने त्याला मोकळे केले. त्याबद्दल ईडीला अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. तोपर्यंत वादळ सुरू झाले होते आणि पाणबुडे उतरवणे थांबले.

आतली माणसे मात्र हातोडीने मोर्समध्ये बोलतच होती. आशा आहे का, असे त्यांनी विचारले. लवकर करा, असे सांगितले. वरून त्यांना ध्वनियंत्राने उत्तरे जात होती. आत अडकलेल्या लेफ्टनंट ग्रॅहम फिचला त्याची पत्नी आणि आई प्रार्थना करीत आहेत, हा निरोप वारंवार पाठवला गेला आणि अखेर निरोप मिळाल्याचे तीन ठोके आले. त्यानंतर काहीच आले नाही. पाणबुडी वर काढली गेली ती मार्च १९२८ मध्ये, टक्कर झाल्याला बरोबर तीन महिने उलटल्यावर.

समुद्र क्रूर असतो वगैरे वाक्ये अशा ठिकाणी सुचतात, पण मला समुद्राचा राग आला नाही. मला राग आला तो फायलीचा. याच्या दोनच वर्षांपूर्वी, सप्टेंबर १९२५ मध्ये, ब्लॉक आयलंडजवळ सिटी ऑफ रोम या आगबोटीच्या धडकेने एस-५१ बुडाली होती आणि ३६ जणांपैकी तिघेच वाचले होते. तिला शोधायला गेलेल्या एस-१ चा कप्तान चार्ल्स मॉमसेन याला पाण्यावर पसरलेले तेल तेवढे दिसले. त्याने पाणबुडीच्या वरच्या दारावर घट्ट बसेल आणि माणसे वर आणील अशा पोलादी घंटेची, म्हणजे घंटेच्या आकाराच्या पोकळ कोठीची, कल्पना वरिष्ठांकडे पाठवली. पुढे त्याची बदली नौदलाच्या बांधकाम विभागातच झाली, तेव्हा त्याचा तो कागद तेथेच धूळ खात पडलेला त्याला सापडला, आणि मग तो अव्यवहार्य ठरवून नाकारण्यात आला. त्यानंतर थोड्याच काळात एस-४ बुडाली. ज्याने सरकारी किंवा निमसरकारी कचेरीत एखादी सूचना लेखी दिली आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

आदल्या आठवड्यात आम्ही मेन राज्यात चार दिवस होतो. ते पावसात गेले. परतताना पोर्ट्समथला थांबलो. नदीपलीकडे किटरीच्या बाजूला नौदलाची गोदी आहे आणि तेथे स्क्वालस पाणबुडीचा बुरूज स्मारक म्हणून ठेवला आहे. परदेशी पेन्शनरला आत सोडण्याचा प्रश्नच नव्हता. प्रेस्कॉट पार्कच्या कठड्याला टेकून मला राखाडी शेड आणि क्रेन तेवढ्या दिसल्या, म्हणजे जे मी बत्तीस वर्षे रोज पाहिले तेच.

पण स्क्वालसची गोष्ट येथेच सांगितली पाहिजे, कारण ती एस-४ च्या पोटातून निघाली. वर काढलेल्या एस-४ चा उपयोग नौदलाने सुटकेचे प्रयोग करण्यासाठी केला. मॉमसेनने तोंडाला लावायची श्वासपिशवी तयार केली, तिच्यात कार्बन डायऑक्साइड शोषणारा सोडा-चुना होता, आणि १९२९ साली २०० फुटांहून अधिक खोलीवर बसवलेल्या त्याच एस-४ मधून तो स्वतः बाहेर पडला. एस-१ वर प्रायोगिक विमान ठेवण्यासाठी एक जलाभेद्य टाकी होती. ती कापून त्याने पहिली घंटा बनवली. भंगारातून वस्तू घडवणारा हा माणूस आमच्या गोदीत शोभला असता. घंटेचे पुढचे, सुधारलेले रूप ॲलन मॅकॅनच्या नावाने ओळखले जाते.

२३ मे १९३९ रोजी स्क्वालसने बुडी मारली तेव्हा नियंत्रण कक्षातले सर्व दिवे हिरवे होते, म्हणजे सर्व झडपा बंद असल्याचे ते सांगत होते. प्रत्यक्षात इंजिनांना हवा पुरवणारी मुख्य झडप उघडी होती. मागच्या भागातले २६ जण गेले. उरलेल्या ३३ जणांना सुमारे २४० फुटांवरून, मॉमसेनच्या देखरेखीखाली, घंटेच्या चार फेऱ्यांत वर आणले गेले. चौथ्या फेरीत दोर अडकला आणि तिला चार तासांहून अधिक वेळ लागला. एस-४ पेक्षा दुपटीहून खोल पाणी होते आणि जहाज मात्र तेच होते, फाल्कन. म्हणजे १९२७ मध्ये जहाज होते, पाणबुडे होते, हिंमत होती. नव्हती ती फक्त ती घंटा.

परतीच्या फेरीत मंडळी वरच्या डेकवर गेली. लाँग पॉइंटला वळसा घालून बोट वुड एंडच्या समोर आली, तेव्हा ध्वनिक्षेपकावरून उपाहारगृह उघडल्याचे जाहीर झाले. दीपगृह पांढरे, चौकोनी आणि अगदीच ठेंगणे आहे. मी खाली एकटा उभा होतो. बोटांच्या पेरांनी भिंतीचा पत्रा सहा वेळा ठोकला. ॲल्युमिनियमचा पत्रा, आवाज बोदा आला.

"काय हो बाबा, काय झालं?" कॉफी घेऊन आलेल्या जावईबापूंनी विचारले.

"काही नाही," मी म्हणालो, "पत्रा पाहत होतो. चांगला आहे."