ढगाच्या आकारावरून स्फोट ओळखता येत नाही

4 ऑगस्ट 2020 रोजी लेबनॉनची राजधानी बैरूतच्या बंदरातील गोदामात साठवलेल्या सुमारे 2,750 टन अमोनियम नायट्रेट या रसायनाचा स्फोट झाला, तेव्हा वर उठलेला छत्रीसारखा ढग पाहून गोव्यातील मुरगाव बंदराजवळच्या वास्कोतील माझ्या परिचितांपैकी काहींनी तो अणुस्फोटच असल्याचे छातीठोकपणे सांगितले होते. बंदराशेजारी राहणाऱ्यांना अशा बातमीची धास्ती अधिक वाटावी, हे स्वाभाविकच आहे. परंतु पुरेशी तप्त हवा एकदम वर चढली की तसा ढग कोणत्याही मोठ्या स्फोटात तयार होतो. त्याभोवती पसरलेला पांढरा घुमट म्हणजे तर निव्वळ धुके होते: दाबलहर पुढे सरकल्यावर तिच्यामागे हवेचा दाब क्षणभर उतरतो, हवा थंड होते आणि तिच्यातील बाष्पाचे बारीक थेंब होऊन ते दिसू लागते. मुरगावच्या दमट हवेतही हेच घडले असते.

खरा फरक ऊर्जेच्या उगमात आहे. आपल्याकडे काळ्या दगडाच्या खाणीत सुरुंग उडवतात, तेव्हा अणू तेच राहतात. केवळ त्यांची जुळणी बदलते आणि त्यातून निर्माण झालेला तप्त वायू खडक फोडतो. टीएनटी या स्फोटकाच्या एका किलोतून जेमतेम 4.2 मेगाज्यूल ऊर्जा मिळते, तर एक किलो पेट्रोल जळताना तिच्या दहापट देते! स्फोटकाचा जोर ऊर्जेच्या साठ्यात नसून वेगात असतो, कारण लागणारा ऑक्सिजन त्याच्या रेणूंतच असतो आणि टीएनटीत स्फोटाची लहर सेकंदाला सुमारे 7 किलोमीटर धावते.

अणुबॉम्बमध्ये मात्र युरेनियमचे अणुकेंद्रच दुभंगते, तेव्हा सुमारे 20 कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणूंच्या पातळीवर ऊर्जा मोजण्याचे एकक) ऊर्जा मिळते. रासायनिक क्रियेत एका रेणूमागे ती मोजक्या इलेक्ट्रॉनव्होल्टची असते. हिरोशिमावरील बॉम्बमध्ये 64 किलो युरेनियम होते, त्यातील एक किलोहूनही कमी दुभंगले आणि तेवढ्याने सुमारे 15 हजार टन टीएनटीइतका स्फोट झाला. हे सारे सेकंदाच्या दशलक्षांशाच्या आत उरकत असल्याने तापमान कोट्यवधी अंशांवर जाते, ऊर्जा प्रथम क्ष-किरणांच्या रूपाने बाहेर पडते आणि भोवतालची हवा ते शोषून पेटत्या गोळ्यासारखी तळपू लागते. हवेतील अणुस्फोटाची सुमारे एक तृतीयांश ऊर्जा अशी प्रकाश व उष्णता होऊन पसरते, आणि दाबलहर पोहोचण्यापूर्वीच दूरवरची माणसे भाजून निघतात.

बैरूतच्या चित्रफितींत तसा डोळे दिपवणारा लखलखाट नाही. उलट त्यांत तांबूस-तपकिरी धूर स्पष्ट दिसतो. तो नायट्रोजन डायऑक्साइडचा रंग असून अमोनियम नायट्रेटकडेच बोट दाखवतो.