वांगानुईवर वल्हं हातात: बायकांच्या गटाबरोबर कनूची सफर

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरची वांगानुई ही त्या देशातली तिसऱ्या क्रमांकाची लांब नदी, साधारण २९० किलोमीटरची. तोंगारिरोच्या ज्वालामुखी उतारावर उगम पावून ती तास्मान समुद्राला मिळते. मधला मोठा पट्टा १९८६ साली झालेल्या राष्ट्रीय उद्यानातून, रस्ताच नसलेल्या खोल घळीतून जातो. सरकारी निसर्गखातं ज्या निवडक वाटा 'ग्रेट वॉक्स' म्हणून सांभाळतं, त्यांत ही एकच वाट पायी नाही, पाण्यातून आहे. मी आणि माझी नणंद अशा दोघी गाईडसह निघणाऱ्या, फक्त बायकांच्या गटात गेलो. बाकीच्या बहुतेक तिथल्याच होत्या, कॉलेज नुकतंच संपवलेल्या मुलीपासून निवृत्त शिक्षिकेपर्यंत.

वाटा दोन. तौमारुनुई ते पिपिरिकी १४५ किलोमीटर, त्याला पाच दिवस धरतात. वाकाहोरो ते पिपिरिकी ८७ किलोमीटर, त्याला तीन. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी सरळ दुसरी घ्यावी. वरच्या टप्प्यात शेतं आणि माणसांच्या खुणा दिसत राहतात, खरं जंगल वाकाहोरोच्या खालीच आहे. मात्र वेळ कमी म्हणजे कष्ट कमी असं समजू नका. पहिल्याच दिवशी जॉन कूल नावाच्या मुक्कामापर्यंत ३७ किलोमीटरच्या वर वल्हवायचं असतं, आणि नदी संथ असली तर तुम्हाला कोणी वाहून नेत नाही.

फक्त बायकांचा गट का, हे मला आधी कळलं नव्हतं. सुरक्षितता आणि मोकळेपणा हे ठीक, पण खरा फरक बसायच्या जागेत आहे. दोघांच्या कनूत, म्हणजे वल्ह्यानं चालवायच्या अरुंद होडीत, पुढचा माणूस जोर देतो, मागचा दिशा ठरवतो. जोडप्याच्या होडीत मागची जागा कोण घेतं, ते त्या नदीवर दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्या कनू पाहून सहज कळतं. आमच्या गाईडचा नियम साधा होता: जेवणानंतर जागा बदलायच्या, प्रत्येकीनं मागे बसायचंच. "मला नाही जमणार" हे वाक्य तिनं ऐकलं आणि त्या बाईच्या हातात मागचं वल्हं दिलं, बस्स. तेव्हा सफर निवडताना एवढं आवर्जून विचारा, मागे आम्ही बसणार का? गाईडच सगळ्यांचं सुकाणू धरणार असेल, तर तो नुसता नौकाविहार झाला.

मागे बसल्यावर दोन गोष्टी आल्या पाहिजेत. एक म्हणजे वल्ह्याच्या फटक्याच्या शेवटी पातं बाहेरच्या बाजूला किंचित वळवणं, म्हणजे होडीचं टोक भरकटत नाही. दुसरी म्हणजे पाणी वाचणं. पाण्यावर उलट्या डोंगरासारखा, प्रवाहाच्या दिशेला टोक असलेला गुळगुळीत त्रिकोण दिसला, तर तिथे खोल पाणी आहे, तिकडेच जायचं. टोक आपल्याकडे असेल तर त्याच्यामागे खडक लपलाय. या नदीवर दोनशेहून जास्त खळाळ आहेत, पण बहुतेक पहिल्या-दुसऱ्या श्रेणीचे, म्हणजे नवख्यांना झेपणारे. नणंद पुढून ओरडायची, "वहिनी, डावीकडे! अहो, डावीकडे!" आणि मी उजवीकडे वल्हं मारायचे, कारण डावीकडे वळायला उजवीकडेच मारावं लागतं. हे तिला पटायला वेळ लागला.

होडी उलटली तर उठून उभं राहू नका. वाहत्या पाण्यात पाय दगडांमध्ये अडकला तर प्रवाह माणसाला खाली दाबतो. पाठीवर पडा, पाय प्रवाहाच्या दिशेला करून पाण्याच्या वर धरा आणि प्रवाह येतो त्या बाजूला, होडीच्या मागे राहा, म्हणजे ती आणि खडक यांच्यामध्ये सापडणार नाही. काठावर पडलेल्या झाडांपासून लांब राहा, फांद्यांतून पाणी जातं, माणूस अडकतो. पोहायला यायला हवं, पण पट्टीची पोहणारी असण्याची गरज नाही. लाईफ जॅकेट घातल्यावर कोणाला तरी ते खांद्यांना धरून वर ओढायला सांगा. हनुवटीशी आलं तर पट्टे ढिले आहेत.

अंगठ्या, लांब कानातले, मंगळसूत्र काढून ठेवा. गार पाण्यात बोटं आक्रसतात आणि अंगठी कधी गेली ते कळतही नाही. चष्म्याला दोरी हवी. कपडे सुती नकोत, ओले झाले की वाळत नाहीत आणि गारठवतात. लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचे घ्या. वरून पावसाचं जॅकेट उन्हाळ्यातही लागतं, आणि टोपी व सनस्क्रीन तर हवंच, कारण तिथलं ऊन हवा गार असली तरी भाजतं.

आता ज्याबद्दल बायका आधी विचारतात आणि प्रवासवर्णनं गप्प बसतात, ते. मुक्कामाच्या जागी साधे खड्ड्याचे संडास आहेत. मधल्या वेळी होडी वाळूच्या पट्ट्यावर लावायची आणि पाण्यापासून लांब आत जायचं. कागद आपल्याबरोबर परत. एकसंध पोहण्याचा पोशाख घालू नका. ओल्या हातांनी, जॅकेटखाली, थंडीत तो उतरवणं म्हणजे शिक्षा. सैल हाफ पँट आणि वेगळा टॉप सगळ्यात सोपा. पाळीची तारीख जवळ असेल तर कप वापरणारीला फारसा त्रास नाही, पॅड वापरणारीनं काळ्या, घट्ट बंद होणाऱ्या पिशव्या जास्तीच्या घ्याव्यात, कारण तिथे कचरा टाकायला काही नाही, सगळं पिपिरिकीपर्यंत वाहून न्यायचं. गाईडला पहिल्याच दिवशी सांगून टाका, ती थांबे त्याप्रमाणे ठेवते. आणि लघवीला जावं लागू नये म्हणून पाणी कमी पिणं हा आपल्याकडचा जुना आजार इथे आणू नका. वल्हवताना घाम येतो, फक्त गार वाऱ्यामुळे जाणवत नाही.

सामान झाकणबंद प्लास्टिकच्या पिंपांत भरायला देतात आणि ती होडीला बांधतात. चाकांची बॅग आणलीत तर ती गाडीतच राहील. दिवसा लागणारं सगळं एका पिंपात, तंबू आणि कोरडे कपडे दुसऱ्यात. रात्री अन्न पिंपातच ठेवून झाकण आवळा, नाहीतर पॉसम, म्हणजे रात्री फिरणारे मांजराएवढे प्राणी, येऊन मेजवानी करतात. टाक्यांतलं पाणी पावसाचं असतं, उकळूनच प्या. शाकाहारी असाल तर नोंदणी करतानाच कळवा, तिथे गेल्यावर मध्ये दुकान नाही.

काठावर सगळीकडे 'पापा' नावाचा मऊ करडा चिखलखडक आहे. ओला झाला की साबण. होडीतून उतरताना घाई नको. जास्त पाऊस झाला तर नदी झपाट्यानं चढते, म्हणून मुक्काम काठावरच्या उंच सपाटीवर आहेत आणि संध्याकाळी कितीही दमलात तरी होडी वर ओढून बांधायची असते. गाईड पुढे जायला नको म्हणाली तर वाद घालू नका. परतीचं विमान त्या हिशेबानं एखादा दिवस उशिराचं घ्या.

दुसऱ्या दिवशी मांगापुरुआच्या धक्क्यावर थांबतात. तिथून साधारण पाऊण तास चाललं की भर जंगलात एक काँक्रीटचा पूल येतो, ज्याला दोन्हीकडे रस्ताच नाही. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना या खोऱ्यात जमिनी दिल्या होत्या, पूल १९३६ साली झाला आणि १९४२ पर्यंत खोरं ओस पडलं. डोंगर घसरत राहिले, शेती टिकली नाही. त्या सैनिकांच्या बायकांनी इथे कसे दिवस काढले असतील, यावर आमच्या गटात परतीच्या वाटेवर बरंच बोलणं झालं.

संध्याकाळी तिएके काइंगा. ही निव्वळ झोपडी नाही, तिथल्या मूळ रहिवासी माओरी लोकांचं माराए, म्हणजे जमातीनं एकत्र जमायची पवित्र जागा आहे, तेव्हा त्यांच्या रीतीनं वागायचं. चपला बाहेर, टेबलावर बसायचं नाही, दारू अजिबात नाही. स्वागत झालं तर पहिली हाक बाईच घालते. पाहुण्यांनी उत्तरादाखल गाणं म्हणायचं असतं, तेव्हा एखादं तयार ठेवा. आम्ही दोघींनी जात्यावरची ओवी म्हटली, चाल थोडी चुकली, पण निभावलं. कोहा, म्हणजे आपखुशीची भेट, देण्याची पद्धत आहे. इथेच लक्षात येतं की २०१७ च्या कायद्यानं या नदीला 'ते अवा तुपुआ' म्हणून कायदेशीर व्यक्ती मानलं, ते काही कागदी कौतुक नाही. वांगानुईच्या जमातींनी एकोणिसाव्या शतकापासून हा हक्क मागितला होता.

शेवटचा टप्पा सगळ्यात लहान, पण मोठे खळाळ इथेच आहेत. त्यातल्या एकाला 'फिफ्टी-फिफ्टी' म्हणतात, म्हणजे कोरडं राहण्याची शक्यता तेवढीच. गुडघ्यांवर बसा, वल्हवणं थांबवू नका. घाबरून वल्हं वर धरलं की होडी आडवी होते आणि आडवी झाली की उलटते. या भागात जेटबोटीही येतात. आवाज आला की उजव्या काठाला सरका आणि त्यांच्या लाटेला टोक द्या, कुशी नव्हे.

पिपिरिकीला गाडी वाट बघत असते. कोरड्या कपड्यांचा एक जोड आणि टॉवेल तिच्यातच ठेवून या. भारतातून परस्पर जाणाऱ्यांनी तंबू आणि बूट विमानतळावर जाहीर करावेत, न सांगता नेलेत तर तिथे दंड होतो. हंगाम १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल. सुट्ट्यांच्या आठवड्यांतल्या जागा लवकर जातात, आणि बायकांच्या गटांच्या तारखा मोजक्याच असतात, त्यामुळे तारीख आधी पक्की करा, रजा नंतर मागा.