बरोबर उत्तरांत काही राम नाही

नातेवाइकांत कुणी विचारलं काय करतोस, तर मी "शिकवणीच्या ॲपमध्ये आहे" एवढंच सांगून मोकळा होतो. डेटा सायंटिस्ट म्हणलं की पुढचा प्रश्न ठरलेला, म्हणजे एआय का, मग आमच्या बंड्याला दहावीत किती पडतील ते काढून दे की. सीनियर म्हणलं तर अजूनच पंचाईत, त्यांना वाटतं हाताखाली मोठी फौज आहे. प्रत्यक्षात हाताखाली एक इंटर्न आणि दिवसभर उघडी असलेली एसक्यूएलची, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायच्या भाषेची, विंडो.

काम थोडक्यात असं, की मुलं ॲपवर गणितं सोडवतात आणि प्रत्येक उत्तराची एक ओळ साठते, कुठला प्रश्न, कुठला पर्याय दाबला, किती सेकंद लागले, हिंट घेतली का. त्यावरून मुलाला ते गणित खरंच येतंय का हे ओळखायचं आणि पुढे काय द्यायचं ते ठरवायचं. मार्केटिंगवाले काहीही म्हणोत, हे काही काल परवाचं नाहीये. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या कॉर्बेट आणि अँडरसन यांनी १९९० च्या दशकातच बेझियन नॉलेज ट्रेसिंग मांडलं, म्हणजे एकेका उत्तरावरून मुलाला किती येतंय याचा अंदाज बदलत न्यायची पद्धत, त्यात एका संकल्पनेमागे चारच आकडे, आधीपासून येत असण्याची शक्यता, सोडवता सोडवता शिकण्याची शक्यता, येत नसताना तुक्का लागण्याची आणि येत असूनही गडबडण्याची. यातला चौथा तर आपल्याकडच्या प्रत्येक आईला तोंडपाठ आहे, "त्याला सगळं येत होतं हो, सिली मिस्टेक झाली".

मग २०१५ ला स्टॅनफर्डवाल्यांनी हेच न्यूरल नेटवर्कने, म्हणजे ढीगभर उदाहरणांवरून आपलं आपण शिकणाऱ्या प्रोग्रामने, करून दाखवलं आणि सगळे तिकडे धावले. पुढच्याच वर्षी इतरांनी खोलात जाऊन बघितलं तर वापरलेल्या एका प्रसिद्ध डेटासेटमध्ये डुप्लिकेट ओळी होत्या, म्हणजे आकडे उगाच फुगलेले, आणि जुन्या पद्धतीत थोडे बदल केले तर तीसुद्धा जवळपास तेवढंच काम करते असं निघालं. नवीन पोरं जॉइन होतात ती ट्रान्सफॉर्मरच्या (चॅटजीपीटीसारख्या एआयच्या मागचं नेटवर्क) गोष्टी करत, त्यांना मी पहिलं काम देतो ते डुप्लिकेट मोजायचं. तोंड वाकडं करतात, पण मोजतात.

आता खरी गंमत सांगतो. एक सहावीतली मुलगी, दशांश अपूर्णांकांत मोठी संख्या कुठली ते ओळखायचं. ०.६ आणि ०.४५, तिने ०.४५ दाबलं, चूक. ०.७५ आणि ०.५, बरोबर. ०.३ आणि ०.२८, चूक. ०.९२ आणि ०.७, बरोबर. प्रत्येकाला तीन चार सेकंद, हिंट एकदाही नाही. मॉडेल म्हणतं पन्नास टक्के, अर्धवट येतंय, अजून असेच प्रश्न द्या. आमच्या कंटेंट टीममध्ये एक मॅडम आहेत, बरीच वर्षं शाळेत शिकवून मग इकडे आलेल्या, त्यांनी नुसत्या ओळी बघितल्या आणि म्हणाल्या, "अरे, अर्धवट कुठलं, ती टिंबापुढचा आकडा पूर्ण संख्येसारखा वाचतेय. पंचेचाळीस मोठे की सहा?" झालं! याच्या बरोब्बर उलटी मुलंही असतात, टिंबापुढे जितके अंक जास्त तितकी संख्या लहान असं धरून चालणारी, त्यांना हेच चार प्रश्न दिले तर पहिला नि तिसरा बरोबर, बाकीचे दोन चूक. म्हणजे दोघांचेही मार्क पन्नास टक्के आणि डोक्यातलं गणित एकदम विरुद्ध. मेलबर्न विद्यापीठात स्टेसी आणि स्टाइनल यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलंय, शिक्षण क्षेत्रात हे जुनं ज्ञान आहे, पण आपल्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या गावी नसतं.

आणि मुलांचा तरी काय दोष म्हणा, दुकानाच्या बिलावर ४५.५० म्हणजे पंचेचाळीस रुपये पन्नास पैसे, क्रिकेटमध्ये ४.५ ओव्हर म्हणजे चार ओव्हर पाच बॉल आणि पुढचा बॉल पडला की थेट ५. टिंबाच्या पलीकडे वेगळीच मोजणी असते हे आपणच त्यांना रोज दाखवतो.

त्यामुळे बरोबर उत्तर मला हल्ली फारसं काही सांगत नाही. चार पर्यायांत डोळे मिटून दाबलं तरी चारात एकदा लागतंच, शिवाय घरात एकच फोन असतो आणि सहावीच्या अकाउंटवर रात्री नऊ वाजता अचानक बीजगणित फाडफाड सुटायला लागतं तेव्हा दादा बसलाय हे समजून जायचं. चुकीचं उत्तर मात्र बोलतं, फक्त कुठला पर्याय दाबला ते साठवलेलं पाहिजे. कित्येक ठिकाणी नुसतं बरोबर की चूक एवढंच ठेवतात, म्हणजे मुद्द्याची गोष्टच फेकून दिली.

बाकी मीटिंगांबद्दल काय सांगू. प्रॉडक्टवाल्यांना वेळ हवा असतो, मूल चाळीस मिनिटं ॲपवर होतं की झाले खूश, ते अडकलं होतं का आईचा फोन तसाच चालू राहिला होता याच्याशी देणंघेणं नाही. दोन आठवड्यांनी हिंट न देता तेच पुन्हा विचारा आणि मग बघा, असं मी दरवेळी म्हणतो, पण दोन आठवडे थांबायची कुणाची तयारी नसते. एकदा ॲपचा वापर घसरून डॅशबोर्ड लालेलाल झाला, गुरगावहून आलेल्या मॅनेजरने तातडीची मीटिंग लावली, मुलं कुठल्या पायरीवर गळतात ते फनेल काय, नोटिफिकेशन काय, अर्धा तास चर्चा. शेवटी मी म्हणलं सर, गणपती आहेत, पोरं आरतीला गेलीत.

सध्या आम्ही प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे मुलाने काय विचार केला असेल ते लिहून काढतोय. १/२ + १/३ ला २/५ म्हणणारा अंशात अंश आणि छेदात छेद मिळवतोय, त्याला पुढे तसलेच दहा प्रश्न न देता भाकरीचा अर्धा तुकडा दाखवायचा आणि विचारायचं, अर्ध्यात अजून भर घातल्यावर उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसं आलं? काम फार सावकाश चालतं, मॅडम एकेका पर्यायावर अडून बसतात, आणि बहुतेक वेळा त्यांचंच बरोबर निघतं. टीममध्ये एक जागा निघणार आहे. मी एचआरला सांगितलंय, पाचवी ते आठवी गणित शिकवलेलं कुणी मिळालं तर बघा, पायथॉन मी शिकवतो.