आमची वाटचाल: सहा काडतुसं, सात पुंगळ्या

दुकान वडिलांनी काढलं. ते पलटणीत आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारे होते. पेन्शनीत आल्यावर बेळगावात एका गल्लीत दहा बाय बाराच्या खोलीत बंदुका दुरुस्त करायला बसले. तेव्हा खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडची शिकारी माणसं सोमवारी बंदूक टाकून जायची आणि शनिवारी न्यायला यायची. 1972 साली वन्यजीव कायदा आला, शिकार संपली आणि निम्मं गिऱ्हाईक संपलं. राहिले रानडुकरांना कंटाळलेले शेतकरी आणि बँकेत गार्डची नोकरी धरणारे माजी सैनिक. या लोकांना नवी बंदूक परवडत नव्हती, म्हणून आम्ही जुन्या बंदुकांच्या धंद्यात पडलो. पुढची वीसपंचवीस वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मेस्त्रींबद्दल मात्र सांगायलाच हवं. बैलहोंगलचे. घरी कन्नड, दुकानात मराठी, चिडले की दोन्ही. वडिलांबरोबर निम्म्या भागीत होते, कागद कधी केला नाही. त्यांची पेचकसांची पेटी अजून आमच्याकडे आहे. एकोणतीस पेचकस, प्रत्येकाचं पातं एकेका जातीच्या स्क्रूच्या खाचेपुरतं घासलेलं. इंग्लिश बंदुकीच्या स्क्रूची खाच केसासारखी बारीक असते. बाजारातला पेचकस लावला तर कड तुटते, आणि ती तुटकी कड बघून पुढचा गिऱ्हाईक हजार रुपये कमी करतो. नळी आणि चाप-सुईची यंत्रणा असलेली पेटी यांचा सांधा बसवताना मेस्त्री रॉकेलच्या चिमणीवर नळीचा ठोकळा धरायचे. काजळी बसली की बंदूक मिटायची आणि परत उघडायची. काजळी पुसली गेली तिथं लोखंडाला लोखंड लागतंय, राहिली तिथं फट. लागलेल्या जागी कानस दोनदाच फिरवायची आणि पुन्हा चिमणी. एका बंदुकीला अख्खा दिवस जायचा.

खोटी काडतुसंही तेच करायचे. बार झालेल्या काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीची बुडाची फुटलेली टोपी काढायची आणि तिथं शाळेतलं खोडरबर कापून ठोकायचं. चाप बघायचा तर हे आत घालूनच बघावा. रिकाम्या नळीवर चाप ओढला की आतली सुई हवेत आपटते आणि कधीतरी मोडते. दुकानात शिरून बंदूक उचलून खटाखट चाप ओढणारा माणूस मी आजही बाहेर काढतो, मग तो कुणाचाही पाहुणा असो.

आता मुद्द्याचं. जुनी बंदूक घेणारा म्हणतो, बार काढून बघितल्याशिवाय कशी घ्यायची वो? त्याचं चुकत नाही. आम्ही आधीपासून चाचणी देत आलो. शस्त्र कायद्याच्या कलम 5 मध्ये विक्री, दुरुस्ती आणि चाचणी हे शब्द वेगवेगळे आहेत. आमच्या परवान्यात तिन्ही आहेत आणि जागाही लिहिलेली आहे. शहराबाहेर जुनी खाण आहे, पाठीमागे मातीचा उंच बांध. तिथं चाळीस यार्डांवर 'तरुण भारत'ची पानं खळीनं चिकटवून कागद उभा करायचा. छर्रे गेले की पाठीमागून उजेड दिसतो, तीस इंचाचं वर्तुळ काढून भोकं मोजायची. फुल चोकची, म्हणजे तोंडाशी आवळलेली नळी शंभरातले सत्तरेक छर्रे आत ठेवते, साधी नळी चाळीसेक. बंदूक कशी आहे हे मी बोलून सांगण्यापेक्षा कागद सांगतो.

शहराचं बेळगावी झालं त्या वर्षीची, म्हणजे 2014 ची गोष्ट. खानापूरकडच्या एका घरातली वेबली अँड स्कॉट या इंग्लिश कंपनीची दुनळी विकायला आली होती. मालक वारले होते आणि वहिनीसाहेबांनी बंदूक रीतसर आमच्याकडे जमा केली होती. दस्ता अक्रोडाचा, नळ्या आरशासारख्या. नळीच्या खाली काडतुसाची खोबणी अडीच इंचाची असल्याचा शिक्का स्पष्ट होता, म्हणजे पासष्ट मिलीमीटरचं काडतूसच चालणार. गिऱ्हाईक पैसेवाला, परवानावाला, बोलायला गोड. त्या काळी आम्ही सहा काडतुसं द्यायचो, एका नळीला तीन. काडतुसं आमची, मोजून दिलेली, वहीत लिहिलेली.

पाच बार झाले. मी कागद बदलायला पुढं गेलो. बंदूक उघडी टेबलावर ठेवून घेतली होती, तेवढं शहाणपण होतं. परत आलो तर ती त्याच्या हातात, मिटलेली. "एक राहिलंय नव्हं," म्हणाला. मी मान हलवली. बार झाला आणि पाठोपाठ दुसरा. दुसऱ्याचा आवाज वेगळा होता. या धंद्यातल्या माणसाला तो आवाज पोटात कळतो. दस्त्याला मनगटापाशी, जिथं मूठ बसते तिथं, केसाएवढी चीर गेली होती. नळ्या हलवून बघितल्या तर मेस्त्रींनी घट्ट केलेला सांधा खुळखुळत होता.

त्यानं खिशातलं स्वतःचं काडतूस घातलं होतं, सत्तर मिलीमीटरचं. "आत बसलं की वो, बसलं नसतं तर घातलं असतं काय?" बसणारच. त्याचं तोंड पाकळ्या दुमडून बंद केलेलं असतं, म्हणून ते आखूड दिसतं आणि आखूड खोबणीत गुमान जातं. बार झाला की पाकळ्या उलगडतात आणि नळीचं तोंड आवळतात. दाब कुठल्या कुठं जातो. जुनी इंग्लिश बंदूक घेणाऱ्यानं दुसरं काही शिकलं नाही तरी हे शिकावं: काडतूस आत गेलं म्हणजे ते त्या बंदुकीचं झालं असं नाही.

बंदूक त्यानं घेतली नाही. चीर आधीचीच होती म्हणाला. वहिनीसाहेबांना ठरलेली पूर्ण रक्कम आम्ही दिली, घरातलं सोनं ठेवून. मेस्त्री म्हणाले, "होगली बिडरी." म्हणजे जाऊ दे, सोडा. मी सोडून दिलं. पण ते मला सोडायला तयार नव्हतं.

पंधरा दिवसांत निनावी अर्ज गेला की या दुकानात कुणीही येऊन बार काढतो. तपासणी आली. साहेबांनी चाचणीची वही काढली, कोपऱ्यातली बादली उलटी केली आणि पुंगळ्या तारखेवार लावायला सांगितल्या. त्या दिवशीची काडतुसं सहा, पुंगळ्या सात. त्याची पुंगळी मीच उचलून बादलीत टाकली होती, सवयीनं. सातवा बार मोजायचं कामही माझंच होतं, हे मान्य. पण पुंगळी जास्त म्हणजे काडतूस चोरून विकलं, हा हिशेब कुठल्या शाळेत शिकवतात ते मला अजून कळलेलं नाही. परवाना स्थगित झाला, माल जमा झाला, शटरला कुलूप. उत्तरं कन्नडमध्ये द्यायची होती, ती मेस्त्रींनी लिहिली. चष्मा नाकावर, एकेक ओळ मला मराठीत वाचून दाखवत.

सात महिने. मी उद्यमबागेत दुसऱ्याच्या लेथवर उभा राहिलो, रोजानं. त्या सात महिन्यांत आमचं गिऱ्हाईक कुणाकडं गेलं ते बेळगावात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांची चाचणीची पद्धत सोपी होती: घेऊन जा, शेतात दोन बार काढा, आवडली तर पैसे आणा. कागद नाही, वही नाही. त्यांच्याकडं कधी तपासणी आली नाही. अर्ज कुणी केला हे मी विचारलं नाही, विचारणारही नाही. लग्नकार्यात भेट झाली की नमस्कार होतो. आधी मीच करतो.

त्या दिवसांत एक माणूस रोज यायचा. सुभेदार काका. वडिलांच्या हातून घेतलेली एकनळी खांद्याला लावून त्यांनी बँकेच्या दारात अठरा वर्षं काढली. दुसरी बंदूक कधी घेतली नाही, म्हणजे गिऱ्हाईक म्हणून आम्हाला त्यांचा फायदा शून्य. पण दुकान बंद होतं तेव्हा सकाळी साडेदहाला येऊन पायरीवर बसायचे. कुणी चौकशी करत आलं की म्हणायचे, "दुरुस्ती चाललीया. थांबा की." संध्याकाळी मला फोन, "कुलपाला सलामी देऊन आलोय बघ."

परवाना परत मिळाला. निकाल आमच्या बाजूनं, दोन ओळींचा. सात महिन्यांबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

त्यानंतर नियम बदलले. किंमत आधी ठरणार, चाचणी नंतर. बार काढून मग घासाघीस करणारा माणूस दुकानाचा नाही, बाजाराचा आहे. काडतुसं आमची, चार, एका नळीला दोन. खिसे आधी टेबलावर रिकामे करायचे, याचा राग येणाऱ्यानं येऊ नये. बंदूक देणारा ती उघडून, नळी दाखवून देणार, घेणारा तशीच उघडी परत करणार. पसंत पडली नाही तरी काडतुसांचे पैसे द्यायचे आणि नळीतून फडकं फिरवून जायचं. हे शेवटचं कुणीच करत नाही. इतक्या वर्षांत एकानं केलं, चंदगडच्या. त्याचा परवाना महाराष्ट्रापुरताच निघाला, म्हणून विक्री झाली नाही. बंदूक आवडली, माणूस आवडला, आडवी आली हद्द. आमच्या भागात हे नवीन नाही.

परस्पर घेणाऱ्यांनाही सांगतो, विचारलं नाहीत तरी. मालक शेजारी उभा आहे म्हणून त्याची बंदूक हातात घेऊन बार काढता येतो, असं समजू नका. कायद्यातली ती सवलत दुरुस्तीला किंवा नूतनीकरणाला नेण्यापुरती आणि मालकाच्याच वापरासाठी वाहण्यापुरती आहे. परस्पर विकायची तर लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबावं लागतं. आणि वरातीत चाचणी घेऊ म्हणणाऱ्या मुलाच्या मामांना मी 2019 ची दुरुस्ती वाचून दाखवली होती: निष्काळजीपणे किंवा हौसेखातर बार काढून कुणाचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. लग्न छान झालं, जेवायला बोलावलं नाही.

त्याच दुरुस्तीनं एका परवान्यावर तीनऐवजी दोनच बंदुका ठेवल्या. तिसरी वर्षभरात जमा करायची होती. 2020 च्या डिसेंबरपर्यंत आमची कपाटं भरली, भाव पडले, आजोबांच्या बंदुका पोत्यात गुंडाळून यायच्या. काही अजून आहेत.

चिरलेली वेबलीही आहे. मेस्त्रींनी जायच्या आधी दस्त्यात आतून पितळी पिन घालून चीर बुजवली. बोट फिरवलं तर लागत नाही, पण मला माहीत आहे म्हणून दिसते. विकत नाही. सांधा पुन्हा काजळीवर बसवायचा राहिलाय. चिमणी आहे, रॉकेल मिळत नाही.

चाचणी गुरुवारी सकाळी, सातला दुकानासमोरून निघतो. परवाना मूळ आणायचा, झेरॉक्स नको. सुभेदार काका बरोबर असतात. पुंगळ्या आता तेच मोजतात, मोठ्यानं, पलटणीच्या आवाजात.