माझा अनुभव: रिकाम्या डिस्काउंटवर अडून बसलेला रिव्ह्यू

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यासाठी आम्ही जावामध्ये ऑर्डरचं सॉफ्टवेअर सांभाळतो. जुनी ऑर्डर आणि सुधारून आलेली ऑर्डर ताडून बघायची, फरक असेल तरच मालकांकडे मंजुरीला पाठवायची. पण डिस्काउंट नसलेली झाडून सगळी ऑर्डर 'बदलली' म्हणून त्यांच्या फोनवर जाऊन पडायची. आधीच्या टीमने इक्वल्समध्ये, म्हणजे दोन गोष्टी समान आहेत का ते सांगणाऱ्या मेथडमध्ये, लिहून ठेवलेलं: दोन्ही डिस्काउंटपैकी एक जरी नल (रिकामा) असेल तर फॉल्स, म्हणजे समान नाही. दोन्ही नल असले तरी फॉल्सच! दुरुस्ती एका ओळीची, जावातलंच तयार ऑब्जेक्ट्स.इक्वल्स, ते दोन्ही नल असले तर समान म्हणतं. जावा ७ पासून आहे ते.

आणि मग रिव्ह्यू, म्हणजे बदललेला कोड दुसऱ्याने तपासून मंजूर करणं. क्लायंटच्या पुण्याच्या ऑफिसातून शेरा आला, "डेटाबेसमध्ये नल नलच्या बरोबर नसतो, मग इथे कसा चालेल?" त्यावर मंजुरी लटकली. इकडे मालकांचे फोन चालूच, "अहो, त्याच ऑर्डरला किती वेळा हो म्हणू?"

मी लिहिलं, एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या भाषेत, त्या तुलनेचं उत्तर 'अज्ञात' असं तिसरंच येतं, जावाच्या हो-नाही एवढंच सांगणाऱ्या बूलियनला ती सोय नाही. शिवाय ऑर्डर आणि तिची हुबेहूब प्रत समान ठरली नाही, तर हॅशसेटमध्ये (जावाच्या संचात) टाकलेली ऑर्डर त्या प्रतीवरून शोधायची कशी? खुद्द ऑप्शनलचं (किंमत असेल किंवा नसेल अशा जावातल्या डबीचं) इक्वल्सही दोन रिकाम्यांना समानच मानतं. उत्तर आलं, "बघतो." हे 'बघतो' म्हणजे काय ते नोकरदारांना सांगायला नको. शेवटी एसक्यूएलमधल्या ग्रुप बाय (गट पाडणं) आणि डिस्टिंक्टचं (एकसारखे गाळणं) उदाहरण चिकटवलं. तिथे एसक्यूएल स्वतःच सगळे नल एका गटात टाकतं. तेव्हा कुठे गाडी हलली.

त्यांचा एक मुद्दा मात्र रास्त होता. 'डिस्काउंट द्यायचा नाही' आणि 'अजून ठरलेला नाही' या दोन्ही गोष्टी रिकाम्याच ठेवल्या होत्या. आता नसेल तर सरळ ० टक्के, ठरायचा असेल तरच रिकामा.

हो, ऑप्शनलवर == लावू नका. ते ऑब्जेक्ट तोच आहे का एवढंच बघतं, आतली किंमत बघत नाही.

मंजुरीनंतर आणखी एक निघालं. फॉर्ममधून ५ यायचे, डेटाबेसमधून ५.००. बिगडेसिमलचं (जावातल्या दशांश संख्येच्या प्रकाराचं) इक्वल्स दशांश स्थळंही मोजतं, म्हणून फॉल्स. लहान-मोठं बघणारं कम्पेअर-टू मात्र शून्य, म्हणजे सारखेच, असं देतं. तुलनेत ठिगळ लावण्यापेक्षा कन्स्ट्रक्टरमध्येच, म्हणजे ऑर्डर तयार होतानाच, सेटस्केलने दोन स्थळं पक्की केली, म्हणजे हॅशसेट ज्यावरून शोधतो तो हॅशकोडही जुळतो. इक्वल्स आपोआप बनवून देणारं जावाचं रेकॉर्ड वापरलं तरी ५ आणि ५.०० चा हा घोळ टळत नाही, कारण ते आतल्या फील्डचंच इक्वल्स बोलावतं.

टेस्ट लिहाल तेव्हा दोन्ही रिकामे, फक्त डावा रिकामा, फक्त उजवा रिकामा, दोन्ही भरलेले हे सगळं घ्या. ५ आणि ५.०० ची जोडी वेगळी.